प्राणवायूचा दाह आणि दमसासाचा व्यायाम



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना चिटणिसांनी मला विषयाची पूर्ण मोकळीक दिली होती. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अशा वेळी महानुभाव गद्यावर किंवा बडोद्याच्या वाङ्मयीन परंपरेवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे, आणि माझ्या सोयीचेही तेच होते. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते आपले व्यायामशिक्षक होते. आपण सारे त्यांना नुसते 'मास्तर' म्हणत असू. पहाटे साडेपाचला कमाटीबागेच्या दाराशी त्यांची शिट्टी वाजे आणि आम्ही पंधरा-वीस मुले अनवाणी धावत सुटत असू. त्या माणसाला माझ्या प्रबंधातील एखादे प्रकरण वाचून दाखविणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी धावण्याविषयीच बोलायचे ठरविले. मी शास्त्रज्ञ नाही; गेली दोन-तीन वर्षे या विषयावर जे मिळाले ते वाचले, जाणत्यांना विचारले आणि त्यातून जे समजले ते आपणापुढे ठेवतो आहे.

वाचनास निमित्त घरातलेच घडले. माझी नात सतरा वर्षांची आहे आणि पाच हजार मीटरच्या शर्यतीत धावते. एके दिवशी ती दोन बाटल्या माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आजोबा, या रोज घ्यायला सांगितल्यात. घेऊ का?" एका बाटलीत 'क' जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या, दुसरीत 'ई' जीवनसत्त्वाच्या चारशे एककांच्या. दोन्हींवर ठळक अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट' असे लिहिलेले. सूनबाईंचे म्हणणे असे की मुलगी एवढी घाम गाळते, तिच्या शरीराची झीज भरून काढायला नको का? प्रश्न वाजवी होता. मला मात्र तो ऐकताच एक जुनी गोष्ट आठवली आणि मी थोडा ओशाळलो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथील क्रीडासमितीचे काम माझ्याकडे आले होते. लांब पल्ल्याच्या धावपटूंना खुराक म्हणून दूध, केळी आणि भिजवलेले हरभरे देण्याची तेथे पद्धत होती. केळीवाला पावती देत नसे, हिशेबतपासनीस त्यावर बोट ठेवी. म्हणून मी तो खर्च रद्द करून त्याऐवजी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेण्यास मंजुरी दिली. गोळ्यांची छापील पावती मिळत असे. मी काही आधुनिक केले असा माझा समज होता. त्या निर्णयाचा जमाखर्च मांडायला मला पुढे सवड झाली नाही. आज तोही थोडासा मांडावयाचा आहे.

प्रारंभी एका शब्दाविषयी बोलतो, कारण तो माझा प्रांत आहे. ऑक्सिजनला आपण 'प्राणवायू' म्हणतो. लाव्हाझिएने ग्रीक धातूंवरून बनविलेल्या मूळ नावाचा अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा' असा आहे, आणि ते नाव चुकीच्या समजुतीवर बेतलेले होते. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच असे नाही, हे पुढे सिद्ध झाले. त्या मानाने आपला शब्द अधिक अर्थवाही आहे. पण त्या नावामुळे आपली एक फसगतही होते. जो वायू प्राण देतो तो अपायकारक असेल ही शंकाच आपल्याला येत नाही. ती शंका येण्याचा मान ज्याने हा वायू वेगळा केला त्या जोसेफ प्रीस्टलीकडे जातो. शुद्ध प्राणवायूत मेणबत्ती भराभर जळून संपते, तसे अशा हवेत आपले आयुष्यही लवकर जळून जाईल की काय, असे त्याने १७७५ मध्येच लिहून ठेवले. या शंकेची फार मोठी किंमत विसाव्या शतकाने मोजली. १९४० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना काचेच्या पेटीत भरपूर प्राणवायू देत असत, आणि त्यातून हजारो मुले आंधळी झाली. कारण उमगेपर्यंत १९५४ साल उजाडले.

प्राणवायू दाहक का, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावे. शेंगदाण्याचे कूट किंवा तेल डब्यात बरेच दिवस राहिले की खवट होते. तेलातील स्निग्ध रेणूंवर हवेतील प्राणवायूची क्रिया होते आणि एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. ही साखळी चालविणारे जे अर्धवट रेणू असतात त्यांना रसायनशास्त्रात 'मुक्त मूलके' म्हणतात. रेणूतील इलेक्ट्रॉन साधारणपणे जोडीने राहतात. मुक्त मूलकात एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो आणि जोडीदार मिळविण्यासाठी तो दुसऱ्याचा ओढून घेतो. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थाचेच असते. तेव्हा डब्यात जे घडते ते देहात घडणार नाही असे मानण्यास आधार नाही. १९५४ मध्ये रिबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की अतिरिक्त प्राणवायूने होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा या दोहोंच्या मुळाशी हीच मुक्त मूलके आहेत. दोनच वर्षांनी डेन्हम हार्मन यांनी वार्धक्याचेही कारण तेच असावे असा सिद्धांत मांडला. त्या काळी बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांनी याकडे फारसे लक्ष दिले नाही. जिवंत पेशीत मुक्त मूलके हिंडत असतील हेच त्यांना पटत नव्हते.

पटले ते १९६९ मध्ये. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड हा संशोधक विद्यार्थी आणि अर्विन फ्रिडोविच हे त्याचे मार्गदर्शक यांना गुरांच्या रक्तातील तांबड्या पेशींत एक विकर सापडले. (एन्झाइमला पाठ्यपुस्तकांनी दिलेला 'विकर' हा शब्द मला विशेष आवडत नाही, पण रुळला आहे.) या विकराला एकच काम होते: 'सुपरऑक्साइड' नावाचे मुक्त मूलक निकामी करणे. त्याचे नाव सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. एवढे नेमके शस्त्र देहाने बाळगले आहे, त्या अर्थी शत्रूही घरातच असला पाहिजे, असा तर्क त्यातून निघाला. प्राणवायूवर जगणाऱ्या बहुतेक सर्व जीवांत हे विकर आढळते. आपल्या पेशीच्या मुख्य द्रवात असलेल्या त्याच्या प्रकाराला तांबे व जस्त लागते आणि पेशीतील ऊर्जेच्या भट्ट्यांत, म्हणजे तंतुकणिकांत, असलेल्या प्रकाराला मँगनीज लागते.

या संरक्षणाची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड बनविते. जखम धुण्यासाठी आपण वापरतो तेच हे रसायन, त्यामुळे तेही पेशीत साचू देणे बरे नाही. मोकळे लोह त्याच्याशी गाठ पडल्यास त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे, सर्वांत विध्वंसक असे मूलक जन्मते. म्हणून दुसऱ्या पायरीवर लोहयुक्त कॅटालेज आणि सेलेनियमयुक्त ग्लुटाथायोन परॉक्सिडेज ही विकरे त्याचे पाणी करून टाकतात. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू यकृत आणि अन्य पेशी स्वतः तयार करतात. या घरच्या फौजेच्या जोडीला अन्नातून येणारी मदत असते: पेशीच्या आवरणात राहणारे 'ई' जीवनसत्त्व, पाण्यात विरघळणारे 'क' जीवनसत्त्व आणि भाज्या-फळांतील नाना रंगद्रव्ये. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. घरची फौज गरजेप्रमाणे लहान-मोठी होते. बाहेरची मदत मात्र आपण जेवढी गिळू तेवढीच.

आता धावपटूकडे वळू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू वापरतो. कसलेला धावपटू ऐन भरात चार-पाच लिटर वापरतो. म्हणजे वीसपटीच्या आसपास. काम करणाऱ्या स्नायूपुरते पाहिले तर ही वाढ शंभरपटीच्या घरात जाते. एवढ्या प्रमाणात प्राणवायू जळत असेल तर त्याचा दाहही त्याच प्रमाणात होत असणार, अशी शंका कोणालाही येईल. १९७८ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी स्वयंसेवकांना सायकलीसारख्या यंत्रावर पायडल मारायला लावून त्यांचा उच्छ्वास तपासला. त्यात पेंटेन हा वायू वाढलेला दिसला. पेंटेन हे स्निग्ध पदार्थ खवट होताना निघणारे द्रव्य आहे. शेंगदाण्याच्या कुटाची उपमा मी मघाशी दिली ती केवळ अलंकार म्हणून दिली नव्हती, हे आपल्या ध्यानात आले असेल. चार वर्षांनी, १९८२ मध्ये, कॅलिफोर्नियातील केल्विन डेव्हिस, जॉर्ज ब्रुक्स, लेस्टर पॅकर आदींनी दमेपर्यंत धावलेल्या उंदरांच्या स्नायूंत व यकृतात मुक्त मूलकांचे प्रमाण दोन-तीनपट झाल्याचे थेट मोजून दाखविले. ज्या उंदरांच्या आहारात 'ई' जीवनसत्त्व नव्हते त्यांचा दम सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरला.

या दोन प्रयोगांतून एक सरळ अनुमान निघाले आणि ते वाऱ्यासारखे पसरले. व्यायामाने मूलके वाढतात, मूलके पेशींना इजा करतात, जीवनसत्त्वे मूलकांना मारतात, सबब व्यायाम करणाऱ्याने जीवनसत्त्वे भरपूर घ्यावीत. तर्कशास्त्राच्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. मीही माझ्या मंजुरीच्या टिपणात बहुधा हेच लिहिले असावे. मात्र या अनुमानाने एक गोष्ट नजरेआड केली. व्यायामाने देहाची एवढी होळी होत असती तर आयुष्यभर धावणारे लोक लवकर जर्जर व्हायला हवे होते. अनुभव उलटा आहे. गंमत म्हणजे डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ च्या त्याच निबंधात असेही सुचविले होते की व्यायामात बेताने वाढणारी ही मूलके तंतुकणिकांच्या वाढीस चालना देणारी असू शकतील. निबंधाचा पूर्वार्ध सर्वांनी उचलला. हा उत्तरार्ध पुढली पंचवीस वर्षे बहुतेकांच्या नजरेतून सुटला. ग्रंथांच्या बाबतीत असे घडते हे मी वाङ्मयात पाहिले होते. विज्ञानातही घडते हे पाहून मला काहीसे समाधान वाटले.

दमसासाच्या व्यायामाने स्नायूंत काय घडते ते जॉन हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये दाखविले होते. बारा आठवडे हळूहळू वेळ वाढवीत धावायला शिकविलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता दुप्पट झाली. याचा संरक्षणाशी संबंध असा की भट्ट्या वाढल्या म्हणजे तेवढ्याच कामाचा भार प्रत्येकीवर निम्मा पडतो. त्यानंतरच्या दशकांत विकरांचीही मोजदाद झाली. नियमित धावण्याने स्नायूंतील सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि ग्लुटाथायोन परॉक्सिडेज वाढतात. ही वाढ सावकाश थकणाऱ्या, अधिक प्राणवायू वापरणाऱ्या तंतूंत विशेष दिसते, आणि व्यायामाचा वेळ व जोर यांच्या प्रमाणात कमी-अधिक होते. कॅटालेजच्या बाबतीत मात्र प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. सराव सोडला की ही कमाई काही आठवड्यांत ओसरू लागते. म्हणजे न धावलेला माणूस एकाएकी दहा किलोमीटर धावला तर त्याला जेवढा दाह सोसावा लागेल, तेवढा सहा महिने सराव केलेल्याला सोसावा लागत नाही. दोघांचा प्राणवायू एकच. दोघांच्या घरची फौज वेगळी.

ही फौज वाढविण्याचा हुकूम कोण देतो? येथे विषयाचा गाभा आहे. पेशीत 'एनआरएफ-२' नावाचे एक प्रथिन असते. एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने त्याला धरून ठेवलेले असते आणि ते धरल्या जागीच नष्ट केले जाते. पेशीत ऑक्सिडीकरण वाढले की धरून ठेवणाऱ्या प्रथिनातील गंधकाचे भाग बदलतात आणि पकड सुटते. सुटलेले एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रकात जाते आणि संरक्षक विकरांची जनुके जागी करते. तंतुकणिकांची वाढ घडविणाऱ्या प्रथिनांपर्यंतही असेच इशारे पोचतात. थोडक्यात, ज्यांना आपण शत्रू मानीत होतो तेच मूलक आणि पेरॉक्साइड येथे निरोपे आहेत. त्यांचा निरोप पोचला तरच शरीराला कळते की उद्या याहून अधिक तयारी हवी.

या मूलकांचा उगमही पूर्वी समजत होते त्याहून निराळा निघाला. १९७० च्या दशकात असा अंदाज होता की तंतुकणिकांत जाणाऱ्या प्राणवायूतील शेकडा एक-दोन भाग गळून मूलके बनतात. नंतरच्या मोजमापांनी ही गळती हजारात एक-दोन इतकीच असल्याचे दाखविले, शिवाय भट्टी जोरात चालू असताना ती कमीच होते. व्यायामाच्या वेळची बरीचशी मूलके स्नायूपेशीच्या आवरणावरील एक खास विकर मुद्दाम तयार करते, असे अलीकडचे संशोधन सांगते. शरीर जे हेतुपूर्वक निर्माण करते ते केवळ कचरा म्हणून काढून टाकण्याजोगे असेल, हे पटत नाही.

मग निरोप्याला वाटेतच अडविले तर? हा प्रश्न स्पेनमधील वॅलेन्सिया येथील मारी कार्मेन गोमेझ-काब्रेरा, होसे विन्या आदींनी विचारला आणि २००८ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले. चौदा पुरुषांनी आठ आठवडे सराव केला. काहींना रोज एक ग्रॅम 'क' जीवनसत्त्व दिले, काहींना नाही. न घेणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता अधिक वाढली; मात्र माणसे थोडी असल्याने तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. उंदरांवरील जोडप्रयोगात चित्र स्पष्ट होते. जीवनसत्त्व मिळालेल्या उंदरांचा दम फारच थोडा वाढला आणि त्यांच्या स्नायूंत तंतुकणिका घडविणारी व संरक्षण करणारी प्रथिने नीट वाढली नाहीत. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, जर्मनीतील मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी सुमारे चाळीस तरुणांवरील चार आठवड्यांचा प्रयोग मांडला. रोजची मात्रा 'क' एक हजार मिलिग्रॅम आणि 'ई' चारशे एकके होती; माझ्या नातीच्या बाटल्यांवर होती तीच. गोळ्या न घेणाऱ्यांत व्यायामाने इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली, संरक्षक विकरांची जनुके जागी झाली. गोळ्या घेणाऱ्यांत यातले जवळजवळ काहीच घडले नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर व्याख्यान रंगले असते, परंतु ते प्रामाणिक ठरले नसते. २०१० मध्ये डेन्मार्कमधून याच दोन जीवनसत्त्वांवरील एक अभ्यास आला, त्यात गोळ्या घेणारे व न घेणारे यांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. २०१४ मध्ये नॉर्वेतील गोरान पॉल्सन आणि सहकाऱ्यांनी चोपन्न तरुण-तरुणींवर अकरा आठवडे प्रयोग केला. गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत तंतुकणिकांची खूण असलेले प्रथिन वाढले नाही, न घेणाऱ्यांत वाढले. पण धावण्याच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच सुधारले. तेव्हा गोळ्यांनी धावपटूची शर्यत हटकून बिघडते असे म्हणता येणार नाही. स्नायूच्या आत घडणारा बदल त्यांनी मंदावू शकतो, आणि निरोगी, पोटभर व चौरस जेवणाऱ्या खेळाडूला सरावाच्या काळात त्यांनी लाभ झाल्याचा भक्कम पुरावा नाही, एवढे म्हणता येते. मोठ्या मात्रांविषयी जपून राहण्यास आणखी एक कारण आहे. फिनलंडमधील एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना 'ई' जीवनसत्त्व किंवा गाजरातील बीटा कॅरोटीन किंवा दोन्ही देऊन पाहिले. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी अधिक आढळला. ती माणसे धावपटू नव्हती आणि द्रव्यही वेगळे होते, हे खरे. तरीही 'अन्नातलेच तर आहे, अपाय काय होणार' हा युक्तिवाद त्या दिवसापासून लंगडा झाला आहे.

जाता जाता माझ्या व्यवसायबंधूंचा एक पराक्रम सांगतो. 'ई' जीवनसत्त्व १९२२ मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना बर्कली येथे सापडले. पुढे ते शुद्ध रूपात मिळाले तेव्हा नाव काय द्यावे म्हणून इव्हान्स ग्रीकच्या प्राध्यापकांकडे गेले. उंदरांच्या माद्यांना त्याविना पिले होत नसत, म्हणून 'प्रसूती' आणि 'वाहणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्या प्राध्यापकांनी 'टोकोफेरॉल' हे नाव बनवून दिले. तेव्हा भाषेच्या मास्तरांनी जीवनसत्त्वांच्या कारभारात नाक खुपसण्याला पूर्वपरंपरा आहे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि आपल्या देशात तर अधिकच. गोळ्यांनी फायदा होत नाही तो ज्यांचे भांडार भरलेले आहे त्यांना. ज्यांच्या रक्तात 'क' जीवनसत्त्व मुळातच कमी आहे त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमताही कमी असते आणि कमतरता भरून काढल्यावर ती सुधारते, असे ग्रीसमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले. अतिश्रमाच्या प्रसंगाचेही तसेच आहे. दक्षिण आफ्रिकेत सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार शर्यतीआधी तीन आठवडे रोज सहाशे मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व घेणाऱ्या धावपटूंपैकी तेहेतीस टक्क्यांना नंतर सर्दी-घशाचा त्रास झाला, न घेणाऱ्यांपैकी अडुसष्ट टक्क्यांना. म्हणजे प्रश्न कोणी, केव्हा आणि किती घ्यावे याचा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ऐंशी आणि स्त्रीला पासष्ट मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरते. हजार मिलिग्रॅमची गोळी म्हणजे स्त्रीच्या बाबतीत पंधरा दिवसांचा शिधा एका घोटात. एक पेरू, थोडा आवळा, पानात लिंबाची फोड एवढ्याने रोजची गरज भागते. 'ई' जीवनसत्त्व शेंगदाण्यात, तिळात, करडई-सूर्यफुलाच्या तेलात आहे. ग्लुटाथायोन घडविण्यासाठी लागणारी अमिनो आम्ले डाळी, दूध, अंडी यांतून मिळतात. मी ज्या हरभऱ्यांना आणि दुधाला कात्री लावली तेच संरक्षक विकरांचा कच्चा माल होते, हे मला इतक्या वर्षांनी उमगले. त्या संघातील दोघे-तिघे आज या सभागृहात बसले आहेत. त्यांनी त्या काळी माझ्याकडे तक्रार केली नाही. गोळ्या खिशात घालून ते दूध मागायला वसतिगृहाच्या स्वयंपाक्याकडे जात असत, असे परवा त्यांच्याचकडून कळले.

सरावाच्या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण इशारा आणि इजा यांतील अंतर तेथेच ठरते. मूलके बेताने वाढली आणि नंतर शरीराला सावरायला वेळ मिळाला तर फौज वाढते. दररोज मर्यादेपलीकडे ताणले, झोप मोडली, जेवण तोकडे ठेवले, तर निरोपे इतके येतात की उत्तर द्यायला शरीराकडे काही उरत नाही. पोहणे, सायकल आणि मॅरेथॉन एका दमात पुरे करणाऱ्या 'आयर्नमॅन' स्पर्धकांची तपासणी व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास केली. स्पर्धेनंतर रक्तातील ऑक्सिडीकरणाच्या खुणा चढलेल्या होत्या, पण या कसलेल्या खेळाडूंत त्या पाच दिवसांत पूर्ववत झाल्या. असे पाच दिवस त्यांनी वर्षानुवर्षांच्या सरावातून कमावलेले असतात. आळंदी-देहूहून निघणारा वारकरीसुद्धा पंढरीचा पल्ला एका दिवसात गाठत नाही. मुक्काम ठरलेले असतात आणि मध्ये विसाव्याच्या जागा असतात.

मास्तरांना यातले एकही विकर ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तरी ते आम्हांला पहिल्या महिन्यात बागेची एकच फेरी धावू देत. दुसरी फेरी कोणाला केव्हा द्यायची हे ते मुलाच्या चेहऱ्याकडे आणि संध्याकाळच्या भुकेकडे पाहून ठरवीत. 'काल जेवलास का पोटभर?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे आणि उत्तर डळमळीत आले की त्या दिवशी धाव बंद. गुरुवारी मैदान बंद. त्या दिवशी कोणी चोरून धावला तर शिक्षा म्हणून शुक्रवारीही त्याला बसवून ठेवीत. त्यावेळी हा आम्हांला जाच वाटे.

नातीच्या बाटल्यांचे पुढे काय झाले हे विचारल्याशिवाय आपण मला घरी जाऊ देणार नाही. आम्ही प्रथम तिला डॉक्टरांकडे नेले आणि रक्त तपासून घेतले. जीवनसत्त्वांचा काही प्रश्न नव्हता. हिमोग्लोबिन मात्र कमी निघाले आणि लोहाचा साठा तळाला गेलेला. आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभरातील एकोणसाठ मुली रक्तक्षयाच्या आहेत. स्नायूंपर्यंत प्राणवायू वाहून नेणारेच अपुरे असताना आम्ही त्याच्या दाहाची चिंता करीत बसलो होतो. लोहाची गोळी डॉक्टरांनी मोजून, मुदत घालून दिली. मोकळे लोह पेशीत काय करू शकते ते मघाशी सांगितलेच आहे, तेव्हा ती मनाने घ्यायची किंवा वाढवायची वस्तू नव्हे. दुसऱ्या दोन बाटल्या परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. त्या माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. सूनबाई आता रोज सकाळी हरभरे भिजत घालते, आणि नात गुरुवारी धावत नाही. डिसेंबरात तिची शर्यत आहे. सकाळी सहाला सुरू होईल, आणि मी जाणार आहे.